‘उलट्या’ ताजची सुलट कैफियत

दिवाळीत आमच्या गिरगावातल्या चाळीच्या अंगणात दरवर्षी किल्ला होतो. माती कुठून आणायची, हा मुंबईतला मोठाच प्रश्न. पण पोरे तो सोडवतात. कोणी कुंड्या रिकाम्या करते, कोणी बांधकामावरच्या रखवालदाराशी सलगी करून दोन घमेली पैदा करते. मग बुरुज उठतात, आळीव पेरला जातो, मावळे पहाऱ्याला उभे राहतात, आणि सर्वांत शेवटी, मोठ्या समारंभाने, एक पुठ्ठ्याची पाटी किल्ल्याच्या पायथ्याशी रोवली जाते. तिच्यावर किल्ल्याचे नाव असते आणि त्याखाली तो बांधणाऱ्या एकूण एक कारागिरांची नावे असतात. ज्याने फक्त पाणी आणून दिले त्याचेही नाव असते. नाव राहिले तर भांडण होते, आणि ते भांडण रास्तच असते.

ही पाटी लक्षात ठेवा, वाचकहो. आपल्याला शेवटी तिच्याकडेच परत यायचे आहे.

मागच्या दिवाळीत भाऊबीज आटोपल्यावर आम्ही सारे बिऱ्हाड घेऊन गेटवे ऑफ इंडिया पाहायला गेलो. बरोबर दादरचे आमचे साडू अण्णा होते. अण्णा म्हणजे चालता-बोलता माहितीकोश. फक्त त्यातली अर्धी पाने कोणी छापली हे कोणास ठाऊक नसते. कबुतरांच्या गर्दीत उभे राहून, काठीने ताजमहाल हॉटेलाकडे बोट दाखवीत, अण्णांनी माझ्या नातवाला गोष्ट सांगायला सुरुवात केली.

“हे बघ बाळ, हे हॉटेल आहे ना, ते उलटं बांधलंय. साहेबानं नकाशा काढला आणि तो विलायतेला गेला. इकडे आपल्या लोकांनी नकाशा उलटा धरला. पुढचं तोंड मागे गेलं, मागचं पुढे आलं. साहेब परत आला, बघतो तर काय, हॉटेलची समुद्राकडे पाठ! त्यानं वर जाऊन उडीच टाकली.”

भोवतालच्या दोन-चार अनोळखी माणसांनीही माना डोलावल्या. सर्वांना ही गोष्ट ठाऊक होती. मुंबईत जन्मलेल्या प्रत्येक माणसाला ती ठाऊक असते. टॅक्सीवाला सांगतो, लाँचवरचा तिकीटवाला सांगतो, आत्या सांगते. पण माझा नातू चौथीत आहे. त्या वयात माणसाला अजून अक्कल असते. त्याने विचारले, “आजोबा, त्या साहेबाचं नाव काय?”

अण्णा गप्प. मी गप्प. माना डोलावणारेही गप्प. ज्या माणसाचे मरण सगळ्या मुंबईला तोंडपाठ, त्याचे नाव एकालाही येईना!

घरी येऊन मी जी पुस्तके चाळली, त्यांचा निष्कर्ष एका ओळीत सांगतो. असा साहेब नव्हता, अशी उडी नव्हती, नकाशा उलटा धरला गेला नव्हता; आणि ज्यांनी तो नकाशा काढला ते विलायतेचे नव्हतेच. त्यांतल्या एकाचे नाव रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि दुसऱ्याचे डी. एन. मिर्झा. एक मराठी, एक पारशी. माझी तक्रार या दोन नावांसाठी आहे, आणि ती तुमच्याविरुद्ध, माझ्याविरुद्ध आणि आमच्या अण्णांविरुद्ध आहे.

आधी ती उडी खाली उतरवू. ताजमहाल हॉटेल उघडले १६ डिसेंबर १९०३ रोजी. गेटवे ऑफ इंडिया उघडली ४ डिसेंबर १९२४ रोजी. दोघांमध्ये एकवीस वर्षांचे अंतर. पंचम जॉर्ज बादशहा १९११ च्या डिसेंबरात अपोलो बंदरावर उतरला, तेव्हा तिथे दगडी कमान नव्हती. तिचा पुठ्ठ्याचा नमुना तेवढा होता. जॉर्ज विटेट यांचा आराखडा कायम झाला १९१४ साली, आणि त्यानंतर समुद्रात भर घालून आजचे ऐसपैस आवार तयार झाले. आज आपण ज्या जागी उभे राहून ‘हॉटेलचे तोंड इकडे का नाही’ म्हणून विचारतो, ती जागाच हॉटेल बांधले तेव्हा नव्हती! पाणी पार जवळ होते. घोड्यांच्या गाड्या येणार त्या शहराकडून, म्हणजे पश्चिमेकडून. मग दरवाजा पश्चिमेला ठेवायचा की लाटांमध्ये? म्हणून शहराच्या बाजूला दोन पाखे पुढे काढून मध्ये बाग आणि गाड्यांची वाट ठेवली, आणि समुद्राकडची बाजू खोल्यांना दिली. पाहुणा गाडीतून एका बाजूला उतरतो आणि दुसऱ्या बाजूला खिडकी उघडून बंदर पाहतो. यात उलटे काय आहे? पुढे काळ बदलला, मोटारी आल्या, बंदरापुढे मोकळी जागा झाली. तेव्हा मुख्य प्रवेश समुद्राच्या बाजूला आला आणि जुन्या गाडीवाटेच्या जागी पोहण्याचा तलाव झाला. आपण मागच्या दाराचे पुढचे दार केले आणि दोष मात्र नकाशा काढणाऱ्याला दिला.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. इमारत म्हणजे काही परकर नव्हे, की घाईत उलटा नेसला गेला आणि दुपारी ध्यानात आले. एवढ्या इमारतीचा पाया खणायलाच महिनोन्महिने लागतात. पैसा होता जमशेटजी नसरवानजी टाटांचा. बाजारात विटेचा भाव काय आहे हे ठाऊक असलेला माणूस तो! त्यांचे राहणे मुंबईतच, ताजवर लक्ष घरच्या कार्यासारखे. त्यांच्या डोळ्यांदेखत पाच वर्षे इमारत उलटी चढत राहिली आणि त्यांना पत्ता लागला नाही, असे म्हणायचे असेल, तर टाटांनी पोलादाचा कारखाना काढण्याची स्वप्नेही झोपेत पाहिली असे म्हणावे लागेल.

आणि तिसरी गोष्ट ऐकून तर अण्णांनी काठीच खाली ठेवली. हीच कथा, हुबेहूब, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात सांगतात. तिथे केल्व्हिनग्रोव्ह नावाचे मोठे चित्रसंग्रहालय आहे. ते उघडले १९०१ साली. तेही म्हणे उलटे बांधले गेले, आणि शिल्पज्ञाने म्हणे वरून उडी घेतली. त्याचे दोन शिल्पज्ञ होते, आणि त्यांतले जॉन सिम्प्सन पुढे १९३३ पर्यंत जगले. लंडनचे वेंब्ली क्रीडांगणही त्यांच्याच हातचे. म्हणजे ही गोष्ट मुंबईची नाहीच. ती आगबोटीतून आलेली, डबाबंद बिस्किटासारखी विलायती गोष्ट आहे, आणि आपण ती चकलीसारखी घरची म्हणून वाढतो आहोत.

आता कोणी म्हणेल, गोष्टच आहे, सांगितली तर बिघडले काय? गोष्टीवर माझा राग नाही. राग आहे तो तिच्या पोटात दडलेल्या दोन समजुतींवर. इतकी देखणी इमारत म्हणजे ती साहेबानेच काढलेली असणार, ही पहिली. तिच्यात काही वावगे दिसले तर ते ‘आपल्या लोकांनी’ केलेले असणार, ही दुसरी. नकाशा साहेबाचा, चूक आपली! स्वातंत्र्य मिळून पाऊणशे वर्षे उलटली. बंदरावरून शेवटची गोरी पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी त्याच गेटवेच्या कमानीखालून निघून गेली. पण ही समजूत मात्र अजून बंदरावरच मुक्काम ठोकून आहे, आणि आपण ती आपल्या नातवंडांना फुटाण्यांबरोबर चारतो.

आता खऱ्या माणसाकडे वळू.

बोरीबंदरचे स्थानक, पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस आणि आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८७८ मध्ये सुरू होऊन दहा वर्षांत पुरे झाले. शिल्पज्ञ फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. हे नाव शाळेच्या पुस्तकात असते, आणि असावेच. तो माणूस थोर होता. पण स्टीव्हन्स एकटे काही घुमट उचलून ठेवीत नव्हते. त्यांचे सहाय्यक इंजिनियर होते सीताराम खंडेराव. देखरेखीवर होते एम. एम. जनार्दन. दगडावरची पाने, पाखरे, माकडे, मोर यांच्या कोरीव कामात आपल्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता.

समोरचे महापालिकेचे घर १८९३ साली पुरे झाले. शिल्पज्ञ पुन्हा स्टीव्हन्स. जागेवर उभे राहून काम उतरवून घेणारे रेसिडेंट इंजिनियर पुन्हा सीताराम खंडेराव. कंत्राटदार व्यंकू बाळाजी कालेवार. आणि येथे एक आकडा देतो, तो नगरसेवकांनी फराळाच्या ताटाशेजारी मांडून वाचावा. मंजूर रक्कम ११,८८,०८२ रुपये. प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९ रुपये. म्हणजे ६८,११३ रुपये वाचले! ज्या घरात बसून आज पुलांचे आणि रस्त्यांचे वाढीव खर्च मंजूर होतात, ते घर स्वतः अंदाजापेक्षा कमी पैशांत उभे राहिले आहे. जागेवर उभा असणारा इंजिनियर चोख असल्यावाचून असे होत नाही.

मुंबईतल्या दोन सर्वांत अवघड इमारती अशा तळहातावर खेळवलेला हा माणूस. टाटांनी हॉटेल काढायचे ठरवले, तेव्हा त्यांनी आराखड्यासाठी विलायतेला तार केली नाही. वैद्य आणि मिर्झा यांना बोलावले. ज्याचे हात पाहिले आहेत त्याला काम द्यावे, हा साधा व्यापारी हिशेब. ताजचा तो भव्य आडवा विस्तार, कोपऱ्यांचे घुमटदार मनोरे, गुजराती हवेलीची आठवण देणारे झरोके आणि त्यांच्याशेजारी युरोपी कमानी, हा सारा संसार मांडायला घेतला तो या जोडीने. काम पुरे होण्याआधीच वैद्य वारले. पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनियराने ते तडीस नेले. बांधणारे कंत्राटदार खानसाहेब सोराबजी रतनजी. मधला तो अधांतरी वाटणारा जिना त्यांनीच योजला आणि बांधला.

म्हणजे या कथेत एक मृत्यू आहे खरा. पण तो चुकीने खचलेल्या साहेबाचा नव्हे. आपले सर्वांत मोठे काम उभे राहताना पाहायला न मिळालेल्या एका मराठी माणसाचा तो मृत्यू आहे. खरी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा जास्त चटका लावणारी आहे; पण ती कोणी सांगत नाही, कारण तिच्यात उडी नाही.

वैद्यांचे नाव पुसले कसे गेले, तेही पाहण्यासारखे आहे. त्या काळी मुंबईत शिल्पज्ञ तयार करणारी रीतसर शाळाच नव्हती. जे. जे. कलाशाळा १८५७ ची खरी. पण तिच्यात नकाशे काढायला शिकवण्याचा वर्ग निघाला १८९६ साली, आणि पूर्ण अभ्यासक्रम त्याच्याही नंतर. तोवर हिंदी माणूस शिकत असे तो कामावरच: चुन्याच्या घाणीपाशी, परातीपाशी, साहेबाच्या टेबलाच्या डाव्या हाताला. म्हणून त्याची पदवी कायम ‘सहाय्यक’. नकाशावर सही साहेबाची, उन्हात उभे राहणे सहाय्यकाचे. गेटवेचेच घ्या ना. विटेट यांचे नाव सर्वांना माहीत. पण त्या बांधकामावर देखरेख करणारे रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई किती जणांना माहीत आहेत? स्टीव्हन्स आणि विटेट हे दोघेही शिवडीच्या दफनभूमीत विसावले आहेत. लालबाग-परळच्या माणसाला ती जागा हाकेच्या अंतरावर. त्यांचे दगड आहेत, तेथे जाऊन फूल ठेवता येते. वैद्यांसाठी फूल ठेवायचे तर ताजच्या भिंतीशीच ठेवावे लागेल, आणि तेथला रखवालदार विचारील, “कोणासाठी?”

येथवर वाचून एखाद्या मराठी बंधूची छाती फुगली असेल. ताज मराठी माणसाने बांधला! आता हे चार गटांत मोबाइलवरून पाठवतो! थांबा. माझा दुसरा वार त्यांच्यावरच आहे.

असे संदेश फिरतात. मीही पाहिले आहेत. त्यांत मिर्झांचे नाव नसते, सोराबजींचे नसते, चेंबर्स यांचे तर नसतेच. कालपर्यंत सारे श्रेय साहेबाचे होते, आज सारे श्रेय आमचे झाले. हाही त्याच नाण्याचा दुसरा छापा. वैद्यांवर जो अन्याय झाला तोच आपण मिर्झांवर करायचा, आणि त्याला अस्मिता म्हणायचे! इमारत एकट्याची कधीच नसते. ताजच्या पाटीवर चार नावे हवीत: दोन ज्यांनी मांडले त्यांची, एक ज्याने तडीस नेले त्याचे, एक ज्याने बांधले त्याचे. एक मराठी, दोन पारशी, एक इंग्रज. मुंबई म्हणतात ती हीच. यातले एक नाव जरी गाळले, तरी ती मुंबई नव्हे, कोणाची तरी खासगी जहागीर होईल.

अण्णांनी येथे एक आक्षेप काढला, आणि तो टाकाऊ नाही. म्हणाले, “नाना, नावात काय आहे? इमारत उभी आहे, वापरात आहे. सोनाराचं नाव काय दागिन्यावर असतं?”

मी म्हटले, “अण्णा, तुमच्या हातात हा दिवाळी अंक आहे ना? पहिलं पान उघडा.” मुखपृष्ठ कोणाचे, आतली चित्रे कोणाची, मांडणी कोणाची, सारे तेथे असते. छापणाऱ्याचे नाव तर छापलेच पाहिजे, असा कायदाच सरकारने १८६७ साली केला. चार पानांच्या चोपड्यावर मुद्रकाचे नाव हवे, आणि सहा मजल्यांच्या इमारतीवर ती रचणाऱ्याचे नको? लालबागला गणपतीच्या मांडवात जा. मूर्ती कोणी घडवली ते सांगायला लहान पोरही पुढे येते. दहा दिवसांनी विसर्जन होणाऱ्या मूर्तीच्या कर्त्याला आपण मान देतो, आणि शंभर वर्षे उन्हापावसापासून आपले डोके वाचवणाऱ्या घराच्या कर्त्याला ओळखतही नाही. हा कोणता न्याय?

आणि नावाला किंमत नाही म्हणता, तर चित्राला कशी आली? ताजच्या त्या घुमटासह बाहेरच्या रूपाची २०१७ साली व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. मालकांचा तो हक्क आहे, त्याबद्दल माझे भांडण नाही. पण गंमत पाहा. त्या रूपाचा मालक कोण ते सरकारदरबारी नोंदलेले. ते रूप प्रथम कागदावर उतरवणाऱ्याचे नाव मात्र समोर उभ्या असलेल्या हजारातल्या एकालाही सांगता येत नाही. २००८ च्या नोव्हेंबरात त्याच घुमटाखालून धूर येताना सारा देश रात्रभर जागला. आपलेच कोणी जळते आहे, असे सर्वांना वाटले. ‘आपले’ ते कोणाच्या हातचे, हे विचारायला मात्र त्यानंतरही आपल्याला सवड झाली नाही.

हे सारे फोर्टातल्या श्रीमंत इमारतींपुरते असते, तर मी दिवाळीच्या दिवसांत तुमचा वेळ घेतला नसता. पण आता गोष्ट आपल्या उंबऱ्याशी आली आहे.

दादर-माटुंग्याच्या वसाहतींतून फिरताना गोलाई दिलेल्या सज्जांची, जिन्यावर उभ्या काचपट्ट्या असलेली, तीन-चार मजल्यांची टुमदार घरे दिसतात. हवा कोणत्या खिडकीने येईल आणि कोणत्या खिडकीने जाईल, याचा विचार करून बांधलेली ती घरे. ज्यांनी मुंबईच्या मध्यमवर्गाला असे राहायला शिकवले, त्यांत एक गजानन बाबूराव म्हात्रे. जन्म १९०२ चा, मृत्यू १९७३ चा. जे. जे.त शिकले, लंडनला जाऊन आले आणि तिसाव्या-चाळिसाव्या दशकात येथे काम करीत राहिले. मरीन ड्राइव्हवरचे ‘सूना महल’ त्यांचे. ओव्हल मैदानासमोरचे ‘एम्प्रेस कोर्ट’ त्यांचे. ३० जून २०१८ रोजी ओव्हलभोवतालच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. पेढ्याच्या पुड्यावर म्हात्र्यांचे नाव कोणी लिहिले? त्यांच्या कामावर मोठे पुस्तक झाले ते २००० साली, कमू अय्यर या शिल्पज्ञाने मनावर घेतले म्हणून. आणि तेही इंग्रजीत. ज्या मराठी कुटुंबांनी अशा घरांत तीन पिढ्या काढल्या, त्यांना आपल्या घराचा कर्ता इंग्रजी पुस्तकातून शोधावा लागतो!

परळ, वरळी, नायगाव, शिवडी येथल्या बी. डी. डी. चाळी शंभर वर्षांच्या झाल्या. २०७ इमारती. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ रहिवाशांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मला मनापासून आनंद झाला. एकशे साठ फुटांच्या खोलीत तीन भावांचे संसार ज्याने केले आहेत, त्याला ‘वारसा जपा’ म्हणून उपदेश करणारा माणूस स्वतः तीन खोल्यांत राहणारा असतो, हे मी जाणतो. जुने पाडू नका, असे माझे म्हणणेच नाही. आमचीही चाळ पाडायची आहे. तिचे लाकूड वाळवीने खाल्ले आहे, पावसाळ्यात आम्ही जिन्याच्या कडेकडेने चढतो, आणि आमच्या सौभाग्यवतींना मरण्यापूर्वी एकदा घरातल्या घरात न्हाणीघर हवे आहे. ही मागणी कोणत्याही घुमटापेक्षा मोठी आहे.

पण नव्या इमारतीच्या सभेत विकासकाच्या माणसांनी गुळगुळीत चित्रे दाखवली, तेव्हा मी उठून विचारले, “आपली ही चाळ मूळ कोणी आखली?” सारी सभा हसली. एक तरुण म्हणाला, “नाना, त्यानं काय चौरस फूट वाढणार आहेत का?” मीही हसलो; पण खाली बसताना घशात काहीतरी अडकले. या चाळीच्या गॅलरीची रुंदी कोणीतरी ठरवली होती. दोन माणसे बोलत उभी राहिली तरी तिसरा हंडा घेऊन जाऊ शकेल, इतकी ती नेमकी आहे. त्या रुंदीवर आमची लग्ने ठरली, भांडणे मिटली, गणपती बसले. तो कोणीतरी कोण, हे विचारले तर हसू यावे? सव्वाशे वर्षे ज्याच्या विचारात आपण राहिलो, त्याला निरोपाचे दोन शब्दही नाहीत!

नवीन इमारतींपुरता कायद्याने थोडा शहाणपणा केला आहे. २०१७ पासून विक्रीच्या मोठ्या प्रकल्पांची सरकारी नोंद होते, आणि तिच्यात शिल्पज्ञाचे नाव द्यावे लागते. म्हणजे ही गोष्ट अशक्य नाही. मग जुन्या इमारतींनीच काय घोडे मारले आहे?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पहिली: मुंबईत जिथे जिथे इमारतीचे नाव लिहिले आहे, तिथे तिथे तिच्या कर्त्याचे आणि बांधणाऱ्याचे नाव, ठाऊक असेल तर, लिहावे. दुसरी: जी इमारत पाडायची, तिची मापे घेऊन नकाशे आणि छायाचित्रे आधी करून ठेवावीत. शिल्पशाळांतल्या मुलांना हे काम दिले तर त्यांचा अभ्यास होईल आणि आपले दप्तर होईल. म्हात्र्यांच्या इमारतींचे नकाशे पुस्तकात आले, तसे आमच्या चाळीचेही निदान एका कपाटात राहावेत. तिसरी, आणि ती सर्वांत स्वस्त: ज्या घरी हा अंक वाचला जाईल, त्या घरातल्या वडीलधाऱ्याने आपल्या जुन्या पेट्या, भाडेपावत्या, करारपत्रे उघडावीत. त्यांत कुठेतरी एखाद्या कोपऱ्यात सही असेल. ती सही म्हणजे आपल्या घराचा बाप.

हे काही साहेबाकडून शिकण्यासारखे नवे नाही. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर, जिथे देवाला जाणाऱ्या प्रत्येकाचे पाऊल पडते तिथे, हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. काही जाणकार ते आडनाव इटळकर असे वाचतात. तो वाद विद्वानांनी खुशाल घालावा. माझा मुद्दा एवढाच, की नाव आहे म्हणून वाद तरी घालता येतो! ज्याने राजधानी उभारली त्याने आपले नाव घुमटावर लिहिले नाही, पायरीवर लिहिले. आणि ते लिहिणे राजाला कमीपणाचे वाटले नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी जे आपल्याला कळत होते, ते आज कळू नये?

असो. रात्री गेटवेहून परतल्यावर मी नातवाला खरी गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली. उडी नसल्यामुळे त्याची निराशा होईल, अशी मला धास्ती होती. तो म्हणाला, “म्हणजे नकाशा उलटा नव्हता. आपण उलटीकडून बघत होतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर अंगणातल्या किल्ल्याच्या शेजारी दोन नव्या विटा उभ्या होत्या. त्यांवर नरसाळे उपडे घालून घुमट केला होता, आणि भोवती रांगोळीचा निळा समुद्र. पायथ्याशी पुठ्ठ्याची पाटी. तिच्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत चार नावे होती: वैद्य, मिर्झा, चेंबर्स, सोराबजी. त्याखाली आमच्या चाळीतल्या सहा पोरांची.

अण्णा फराळाला आले होते. पाटीपाशी वाकून त्यांनी चारही नावे मोठ्याने वाचली, चष्मा पुसला आणि मग पुन्हा एकदा वाचली.